मी तीन आठवडे आले नाही, तर?

नमस्कार,

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन गेममध्ये आठवड्याला चार रात्री रेड करायचे, म्हणजे मोठ्या गटाने मिळून बलाढ्य राक्षसांशी लढायचे. हीलर होते, लढणाऱ्या सोबत्यांना बरं करणारी, आणि चांगली होते. मग नोकरी बदलली, लग्न झालं, आता दोन वर्षांचा मुलगा आहे. तो झोपला की रात्री दहानंतर मला तासभर मिळतो, तोही आठवड्यातून तीनदा. तो आजारी पडला तर पंधरा-पंधरा दिवस काहीच नाही. मागच्या वर्षी एक नवा गेम घेऊन पाहिला. रोजची सात कामं, हजेरीचं कॅलेंडर, स्क्रीनभर लाल ठिपके. अकरा दिवस लॉगिन झालं नाही, तर गिल्डमधून, म्हणजे खेळाडूंच्या मंडळातून, नाव काढलं. कुणी एक ओळसुद्धा लिहिली नाही. गेम डिलीट केला, पण ओढ काही जात नाही. आणि मला बॉस, ते मोठे शत्रू, आठवत नाहीत हो. रेड फसली की आम्ही सगळे तळ्याकाठी गळ टाकून उगीच गप्पा मारत बसायचो, ते आठवतं.

माझ्यासारखीने आता कुठला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम धरावा? दरमहा पैसे भरायचा घ्यावा की फुकटचा? गिल्डशिवाय चालेल का? आणि डन्जनच्या, म्हणजे छोट्या गटाने करायच्या मोहिमेच्या, ऐन मध्यावर मुलगा उठला तर काय करायचं?

– एकेकाळची हीलर

नमस्कार,

सहीत तुम्ही 'एकेकाळची' लिहिलंय, मी तुम्हाला नुसतं हीलर म्हणतो. चार-चार रात्री दुसऱ्यांच्या हेल्थ बारवर (किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या पट्टीवर) डोळा ठेवून बसलेल्या माणसाची ती सवय सुटत नाही. तुमच्या पत्रातही ती दिसते.

अकरा दिवसांची ती ओळ मी दोन-तीनदा वाचली. घरात तापलेलं मूल असलं की अकरा दिवस कसे जातात ते कळतही नाही. त्या गेमच्या वहीत मात्र तेवढ्या दिवसांत तुमची 77 कामं तुंबली, हजेरीची साखळी तुटली आणि गिल्डमधली जागा गेली. यात तुमचं काही चुकलेलं नाही. तो गेम रोज येणाऱ्यासाठी बेतलेला होता. असे गेम वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, कारण रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास हाताशी असलेल्यांना ती शिस्त आवडते. तुम्हाला तासभर मिळतो खरा, पण कोणता तास ते तुमचा मुलगा ठरवतो.

म्हणून गेम निवडताना तुम्ही स्वतःला आधी हे विचारा: मी तीन आठवडे आले नाही, तर परत आल्यावर माझं काय झालेलं असेल? ट्रेलर, ग्राफिक्स, क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) किती, नकाशा केवढा, हे सगळं त्यानंतर. परतल्यावर अंगावरचं गिअर (चिलखत, हत्यारं) निकामी झालेलं असेल का? काही कायमचं हुकलेलं असेल का? ओळखीची माणसं इतकी पुढे गेलेली असतील का, की त्यांच्याबरोबर खेळताच येऊ नये? या प्रश्नांना 'नाही' म्हणणारे गेम मोजके आहेत, पण आहेत.

गैरहजेरीची ही बाजू गेम बनवणाऱ्यांनाही फार आधी कळली होती. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 मध्ये आला. त्याच्या बीटा चाचणीच्या वेळी नियम असा होता, की बराच वेळ सलग खेळलं की मिळणारा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कमी व्हायचा. खेळणारे चिडले, जास्त खेळल्याची शिक्षा कशाला म्हणून. मग मांडणी उलटी केली गेली. आधी जो 'पूर्ण' होता त्याला 'विश्रांतीचा बोनस' म्हटलं आणि जो 'कमी केलेला' होता तो नेहमीचा झाला. आकडे जवळपास तेच राहिले, तक्रार मात्र थांबली. तो बोनस आजही आहे. कॅरेक्टर एखाद्या सराईत नेऊन लॉगआउट केलं की तुम्ही नसताना तो साठत जातो. पूर्ण भरायला साधारण 10 दिवस लागतात, आणि परत आल्यावर तो संपेपर्यंत मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे दुप्पट एक्सपी मिळतो. म्हणजे एका गेमने ज्या अकरा दिवसांची शिक्षा दिली, तेच अकरा दिवस दुसऱ्या गेमने तुमच्या नावावर जमा केले असते. दोन्ही ठिकाणी तुम्ही तितक्याच गैरहजर होतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गेम तुमच्यासाठी नवा असू द्या, बाजारात नवा आलेला घेऊ नका. नव्या गेमच्या पहिल्या महिन्यात जो तो धावत असतो. न्यू वर्ल्ड सप्टेंबर 2021 मध्ये आला तेव्हा एकट्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून एका वेळी 9 लाखांहून जास्त लोक आत होते, आणि सर्व्हरबाहेर तासन्‌तास रांगा. ज्याच्याकडे तासच आहे त्याची रात्र रांगेतच सरायची. पुढे गर्दी ओसरली, आणि 2025 मध्ये कंपनीने त्यात नवं काही आणायचं थांबवत असल्याचं जाहीर केलं. वाइल्डस्टार 2014 मध्ये आला तो 40 जणांच्या रेड आणि अट्टल खेळाडूंचा गेम म्हणून, आणि 2018 मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. उलट अल्टिमा ऑनलाइन 1997 पासून आणि एव्हरक्वेस्ट 1999 पासून चालू आहेत. इतरांना जिथवर पोचायला दोन महिने लागतात तिथवर तुम्ही दीड-दोन वर्षांनी पोचणार, तेव्हा तोवर उभा राहील असाच गेम तुम्हाला हवा. दहा वर्षं टिकलेल्यावर माझा भरवसा जास्त बसतो. शिवाय जुन्या गेममध्ये धावणारे केव्हाच पुढे गेलेले असतात. मागे उरतात ते गप्पा मारणारे, नव्या माणसाला हात देणारे.

आता नावांकडे येतो.

'वेळ कमी आहे, काय खेळू?' असं कुणीही विचारलं की माझ्या तोंडून पहिलं नाव गिल्ड वॉर्स 2 चं निघतं. 2012 मध्ये तो आला तेव्हा सर्वोच्च लेव्हल 80 होती, आणि इतक्या एक्स्पान्शननंतरही (नंतर आलेल्या वाढीव भागांनंतरही) ती 80च आहे. 2013 मध्ये कुणी सर्वांत वरच्या दर्जाचं चिलखत बनवून गेम सोडला असेल, तर आज परतल्यावरही आकड्यांत त्याच्या वर काही नाही. महिन्याचं भाडं नाही. मूळ गेम 2015 पासून फुकट आहे आणि एक्स्पान्शन हवं तर एकदाच विकत घ्यायचं. फुकट खात्याला बोलण्यावर आणि बाजारावर काही मर्यादा आहेत, पण पहिले कितीतरी महिने त्या जाणवण्यासारख्या नाहीत.

तिथला एक प्रसंग सांगतो, म्हणजे तो गेम मला का आवडतो ते कळेल. क्वीन्सडेल नावाचा नवख्यांचा भाग आहे, त्यात एक दलदल. दर दोन तासांनी तिथे शॅडो बेहेमथ नावाचा राक्षस उठतो. आधी चिखलात ठिकठिकाणी द्वारं उघडतात आणि त्यातून फुटकळ भुतं बाहेर येऊ लागतात. तेवढ्यात चारी बाजूंनी माणसं धावत येतात, कुणी आठव्या लेव्हलचं, कुणी दहा वर्षं जुनं. कुणाला ग्रुपमध्ये घ्या म्हणावं लागत नाही. जुन्या खेळाडूची ताकद त्या भागापुरती आपोआप खाली आणली जाते, त्यामुळे नव्यालाही आपला हात लागतोय असं वाटतं. राक्षस कमरेपासून वर चिखलातून बाहेर येतो आणि सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. कुणी कोसळलं तर शेजारचा अनोळखी माणूस लढाई सोडून वाकतो आणि त्याला उठवतो. थोड्या वेळात राक्षस आडवा होतो, पेटी उघडते, ज्याला त्याला आपापला वाटा मिळतो. कुणी कुणाचं घेऊन जात नाही. मग सगळे पांगतात. तुमच्या एका तासात हे सहज बसतं, आणि तुम्ही मधेच निघून गेलात तरी कुणाचं अडत नाही.

तरीही तुमच्या बाबतीत हे नाव देताना मी अडखळलो. कारण तुम्ही हीलर आहात. गिल्ड वॉर्स 2 मध्ये प्रत्येकाकडे स्वतःला बरं करायची ताकद असते. उघड्या जगात हीलरची अशी कुणी वाट पाहत नाही. हीलरला खरी किंमत येते ती संघटित ग्रुपमध्ये, आणि त्यासाठी पुन्हा वेळ ठरवणं आलं, दहा जणांनी एकाच वेळी हजर राहणं आलं. तुम्ही जे सोडून आलात तेच. तुमच्या पत्रात दोन गोष्टी मला ठळक दिसल्या. एक, दुसऱ्याला जिवंत ठेवण्यातला आनंद, आणि दुसरी, तळ्याकाठचा गळ. या दोन्ही जिथे आहेत तो गेम मी तुम्हाला सांगणार.

तो फायनल फँटसी 14.

2010 मध्ये आलेली त्याची पहिली आवृत्ती इतकी फसली, की 2012 मध्ये ती बंद करून दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्या हाताखाली जवळजवळ पहिल्यापासून पुन्हा बांधली गेली आणि 2013 मध्ये परत आणली गेली. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्याची मोफत चाचणी 70व्या लेव्हलपर्यंत आहे, आणि तिला वेळेची मर्यादा नाही. मूळ गेम, हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड ही दोन एक्स्पान्शन, सगळं तिच्यात येतं. आठवड्याला तीन तासांच्या हिशोबाने तुम्हाला हे वर्षाहून खूप जास्त पुरेल. पैसे भरलेले नसल्यामुळे 'महिना वाया चालला' ही टोचणी नाही, आणि मुलगा महिनाभर आजारी पडला तरी कॅरेक्टर जिथे ठेवलं तिथेच सापडेल.

चाचणीच्या मर्यादाही ऐकून घ्या. बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, गिल्डमध्ये जाता येत नाही, स्वतः पार्टी, म्हणजे खेळाडूंचा गट, काढता येत नाही (दुसऱ्याच्या पार्टीत जाता येतं), लांबच्या कुणाला खाजगी निरोप पाठवता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्याशी मात्र बोलता येतं. आणि एकदा पैसे भरून पूर्ण खातं घेतलं की त्या खात्यावर पुन्हा चाचणीत येता येत नाही. तेव्हा एखाद्या सवलतीच्या मोहाने 'घेऊन ठेवू या' म्हणून घाईत विकत घेऊ नका. मोफत भाग जितका पुरतो तितका पुरवा.

सुरुवात कॉन्जरर म्हणून करा. म्हणजे तुम्ही ग्रिडानिया नावाच्या रानातल्या गावातून सुरू कराल आणि 30व्या लेव्हलला व्हाइट मेज, म्हणजे पूर्ण हीलर व्हाल. एकाच कॅरेक्टरने या गेममध्ये सगळे क्लास शिकता येतात, त्यामुळे निवड चुकेल ही भीती नको. पहिलं डन्जन 15व्या लेव्हलला येतं. त्याच सुमारास हॉल ऑफ द नॉव्हिस नावाची तालीम उघडते. तिथे हीलरचे धडे एकट्याने गिरवता येतात आणि थोडं गिअरही मिळतं. हाताला गंज चढला असेल तर दोन रात्री तिथेच काढा. कुठल्या बटणावर कुठला मंत्र ठेवायचा हे एकदा बसलं की जुना हात परत येतो.

मग ड्यूटी सपोर्ट. मुख्य कथेतली चार जणांची डन्जनं या गेममध्ये तुम्ही एनपीसी (गेमच चालवतो अशा) सोबत्यांना घेऊन करू शकता. टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा, पुढे चालतो, दोघं मारतात, तुम्ही मागून सांभाळता. वेग माणसांपेक्षा कमी असतो, पण दोन झुंजींच्या मधे तुम्ही वीस मिनिटं उठून गेलात तरी कुणी 'हीलर कुठे गेली?' म्हणत नाही. हीलरला ही मोकळीक मिळणं किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मात्र आठ जणांच्या काही लढाया खऱ्या माणसांबरोबरच कराव्या लागतात. त्या छोट्या असतात, शिवाय हीलरला रांगेत फार थांबावं लागत नाही, कारण हीलर नेहमीच कमी असतात.

आता गळाबद्दल. 2020 मध्ये या गेममध्ये सागरी मासेमारी आली. लिम्सा लोमिन्सा नावाच्या बंदरातून दर दोन तासांनी एक बोट सुटते. सुटण्याआधी पंधरा मिनिटं नावनोंदणी, बोटीवर 24 जणांपर्यंत जागा. बोट तीन ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी साधारण सात मिनिटं. सगळे कठड्याला रांगेने उभे राहून गळ टाकतात. मधूनच समुद्राचा रंग पालटतो, विशेष माशांची लाट येते, आणि तेवढा वेळ सगळ्यांची धांदल उडते. बाकी वेळ लोक शेजारच्याशी बोलतात. कुणी नवख्याला आमिष कुठलं लावायचं ते सांगतं, कुणी नुसतंच नाचतं. अर्ध्या तासात बोट परत. हजेरी नाही, बांधिलकी नाही, पुढच्या वेळी दुसरी 23 माणसं. तुम्ही तळ्याकाठाबद्दल लिहिलंत तेव्हा मला ही बोट आठवली, आणि खरं म्हणजे हे उत्तर मी तिथूनच लिहायला घेतलं.

त्यासाठी आधी मच्छीमाराचा क्लास उघडावा लागतो आणि बंदरापर्यंत पोचावं लागतं. म्हणजे कथेत थोडं पुढे जायला हवं. तीन-चार आठवडे धरा.

या गेमची मोठी खोट म्हणजे त्याची कथा टाळता येत नाही. जवळजवळ प्रत्येक दार मुख्य कथेतूनच उघडतं, आणि पहिला भाग संथ आहे, हे त्याच्यावर प्रेम करणारेही मान्य करतात. निरोप पोचवा, परत या, पुन्हा निरोप पोचवा. काही रात्री तुमचा सगळा तास संवाद वाचण्यात जाईल. मला ते आवडतं, रात्री झोपण्याआधी कादंबरीची पंधरा पानं वाचावीत तसं. तुम्हाला कंटाळा आला, तर तो तुमचा दोष समजू नका. सरळ गिल्ड वॉर्स 2 कडे वळा. हीलरपण थोडं पातळ होईल, माणसं मात्र तिथेही चांगली भेटतील.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन 2014 चा. 2016 पासून तिथे कुठल्याही लेव्हलला कुठल्याही प्रदेशात, कुठल्याही क्रमाने जाता येतं, संवाद सगळे आवाजी आहेत, आणि एकट्याने भटकायला उत्तम. पण पिशवी सतत भरत राहते, आणि साहित्य ठेवायची अमर्याद थैली सबस्क्रिप्शनवाल्यांनाच मिळते. ते पुढे पुढे टोचतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 20व्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं. 2024 मध्ये त्यात एनपीसी सोबत्यांबरोबरची डन्जनं आणि एकट्याने करता येणाऱ्या डेल्व्ह नावाच्या छोट्या मोहिमा आल्या, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा कितीतरी मवाळ झालाय. पण दर एक्स्पान्शनला जुनं गिअर मागे पडतं, आणि तुमच्यासारख्या जुन्या रेडरला तिथली रेड पुन्हा खुणावेल अशी मला धास्ती आहे. ओल्ड स्कूल रनस्केप फोनवर आणि संगणकावर एकाच खात्याने चालतो. एका हाताने मुलाला थोपटत दुसऱ्या हाताने झाडं तोडता येतील असा गेम आहे. फक्त त्याचा हिशोब माहीत असू द्या: कुठल्याही कौशल्यात 99 गाठायला लागणाऱ्या एक्सपीचा निम्मा टप्पा 92व्या लेव्हलला येतो. 92 म्हणजे अर्धी वाट. घाई नसलेल्यालाच तो मानवतो.

पैशांचं विचारलंत. सबस्क्रिप्शनला लोक उगीच घाबरतात. ज्या महिन्यात खेळणार त्या महिन्याचे भरा, नाहीतर बंद करा. कॅरेक्टर कुठे जात नाही. अडचण असते ती आपोआप नूतनीकरणाची. भरल्या दिवशीच ते बंद करून टाका, महिना तरी पूर्ण मिळतोच. पुढे कधी फायनल फँटसी 14 चं पूर्ण खातं घेतलंत, तर तिथे घर मात्र घेऊ नका. 45 दिवस त्या घरात पाऊल टाकलं नाही की ते पाडलं जातं. त्या एका बाबतीत तो गेमही तुमच्या त्या आधीच्या गेमसारखाच वागतो.

फुकटच्या गेममध्ये जास्त सावध राहा. आवळा देऊन कोहळा काढायची पद्धत तिथे आहे. ओळखायचं कसं? गेम सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी त्याचं दुकान उघडून पाहा. कपडे, केस, घोड्यांचे रंग विकत असतील तर चालेल. वेळ विकत असतील, म्हणजे 'हे काम झटक्यात पूर्ण करा', 'आज आणखी तीनदा डन्जनमध्ये जा' असं काही दिसलं, तर कंटाळा आधी पेरलाय आणि मग त्याचा उतारा विकायला ठेवलाय असं समजा. आणि आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या विकत असतील तर दुकानही बंद करा, गेमही. बेल्जियमने 2018 मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवलं होतं. गेम कुठलाही असो, पहिला महिना एक पैसा खर्च करू नका.

सर्व्हर निवडताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कमी असलेला जवळचा घ्या, पण तुमच्या रात्री दहाला तिथे लोक जागे आहेत ना, हेही पाहा. बोटीवर तुम्ही एकट्याच असाल तर काय उपयोग?

गिल्डबद्दल लिहायला बसलो तर मला स्वतःचं एक सांगावं लागेल. मी काही वर्षं एका गिल्डचा ऑफिसर होतो. महिन्याच्या शेवटी गैरहजर लोकांची यादी काढून नावं उडवायचं काम माझ्याकडे होतं. गिल्डच्या सभासदसंख्येला मर्यादा असते, बऱ्याच गेममध्ये 500च्या आसपास, आणि मोठ्या गिल्डला नव्यांसाठी जागा करावीच लागते. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. असाच एक जण मी उडवला, शांत स्वभावाचा, कायम दुसऱ्यांना साहित्य जमवून देणारा. चार महिन्यांनी त्याचा निरोप आला. त्याचे वडील गेले होते. रागावला नव्हता, फक्त विचारत होता की आपल्याकडून काही चुकलं होतं का. मी त्याला परत घेतलं, माफी मागितली, पण तो पूर्वीसारखा बोलला नाही, आणि पुढे यायचा थांबला. त्यानंतर मी नाव काढण्याआधी प्रत्येकाला दोन ओळी लिहायला लागलो. दर महिन्याला वीस-पंचवीस निरोप. अर्धा तास लागायचा, त्याहून जास्त नाही. तुम्हाला कुणी ती एक ओळ लिहिली नाही, याचं मला वाईट वाटलं.

म्हणून गिल्ड आत्ता नको. चाचणीत ती मिळणारही नाही, ते बरंच आहे. दोन-तीन महिन्यांनी, कुठल्याही गेममध्ये, कुणी बोलावलंच तर हो म्हणण्याआधी विचारा: 'किती दिवस आलं नाही तर काढता?' उत्तर 'आधी कळवून ठेवलं तर कधीच नाही' असं आलं तर जा. उत्तर आकड्यात आलं तर आभार मानून पुढे चला. लहान गिल्ड बघा, वीस-तीस जणांची, जिथे पोरंबाळं असलेली दोघं-चौघं आधीच आहेत. त्यांना पंधरा दिवसांचा खंड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

राहता राहिला मुलगा. तो उठला की उठायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. गेममध्ये जे काही मरेल ते पुन्हा उठतं. फक्त थोडी तयारी ठेवा. खऱ्या माणसांबरोबरच्या डन्जनमध्ये फायनल फँटसी 14 मध्ये मधेच बाहेर पडलात तर अर्धा तास पुन्हा रांग लावता येत नाही. तेव्हा त्याला झोपून अर्धा-पाऊण तास होईपर्यंत अशा डन्जनला जाऊच नका. तेवढा वेळ कथा, कलाकुसर, गळ. त्याला दात येतायत, सर्दी आहे, अशा रात्री फक्त ड्यूटी सपोर्ट. हेडफोन एकाच कानाला लावा. आणि 'येते, मूल उठलंय' एवढी ओळ एका बटणावर मॅक्रो करून ठेवा, म्हणजे धावत जाताना टाइप करत बसावं लागणार नाही.

माणसांबरोबरच्या पहिल्या डन्जनच्या दाराशी चॅटमध्ये लिहा: 'नवीन हीलर आहे, घरात लहान मूल आहे, कदाचित उठावं लागेल.' एखादा ग्रुप नाराज होईल, तेव्हा गुपचूप बाहेर पडा. पण बहुतेकदा टँक थोडा हळू चालायला लागतो, आणि तुमच्या लक्षात येईल की आज कुणीतरी तुमच्या हेल्थ बारवरही डोळा ठेवून आहे.